मधल्या सुट्टीचा नकाशा

शाळेचं आवार सुधारायचं आणि त्यात मुलांनाही सामील करून घ्यायचं ठरलं, की बहुतेक ठिकाणी पहिलं पाऊल एकच असतं. कोरे कागद वाटले जातात आणि मुलांना सांगितलं जातं, ‘तुमच्या स्वप्नातलं मैदान काढा.’ तासाभरात चित्रांचा ढीग जमतो. त्यात पोहण्याचा तलाव असतो, आकाशपाळणा असतो, तिसऱ्या मजल्यावरून उतरणारी घसरगुंडी असते. मोठी माणसं कौतुक करतात, चित्रं भिंतीवर लागतात आणि मग आधीच ठरलेलं काम ठेकेदाराकडे जातं: कडेने फरशी, मधोमध सिमेंट, कोपऱ्यात लोखंडी खेळणी. मुलांना विचारलं होतं, एवढी नोंद तेवढी राहते.

यात उणेपणा मुलांच्या कल्पनाशक्तीचा नाही, प्रश्नाचा आहे. कोऱ्या कागदासमोर बसलेला माणूस कुठेतरी पाहिलेलंच काढतो. पण त्या आवाराबद्दल मुलांना जे ठाऊक असतं ते कुठल्याही वास्तुरचनाकाराला ठाऊक नसतं. सकाळी कुठली भिंत तापते, चेंडू नेमका कुठल्या गटारात जातो, कुठल्या कोपऱ्यात मोठी मुलं छोट्यांना फिरकू देत नाहीत, भांडण झाल्यावर एकटं कुठे बसता येतं, हे सगळं त्यांना पाठ असतं. ‘तुम्हाला काय हवं?’ असं विचारून ते बाहेर येत नाही. ‘इथे काय घडतं?’ असं विचारावं लागतं आणि उत्तर मुलांनीच मोजून, नोंदून मांडावं लागतं. आवाराच्या कामात मुलांचा खरा सहभाग इथून सुरू होतो, असं आमचं ठाम मत आहे.

बालसहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. मुलांना हाताशी धरून आपलं काम साधणं, शोभेसाठी उभं करणं आणि नावापुरतं विचारणं या खालच्या तीन पायऱ्या ते सहभागात धरतच नाहीत. स्वप्नातल्या मैदानाची चित्रं बहुतेक वेळा या तिसऱ्या पायरीवरच अडकतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं बारावं कलम मुलाच्या मताला त्याच्या वयानुसार आणि समजेनुसार योग्य वजन द्यायला सांगतं. मत नुसतं ऐकून घेतल्याने ते वजन मिळत नाही.

पहिलं काम मापाच्या नकाशाचं. ६० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद आवार १:२०० प्रमाणात ३० सेंमी बाय २० सेंमी होतं आणि ए-थ्री कागदावर सहज मावतं. बारकावे हवे असतील तर १:१०० प्रमाण घ्यावं. मग १ मीटर म्हणजे १ सेंमी आणि हिशोब चौथीतल्या मुलालाही जमतो. इमारतीची एक सरळ भिंत आधाररेषा म्हणून धरायची. झाड, नळ, खांब कागदावर बसवायला काटकोन लागत नाहीत. भिंतीच्या दोन्ही टोकांपासून झाडापर्यंतची अंतरं मोजायची, कागदावर त्या त्या टोकावर कंपास टेकवून दोन कंस मारायचे. ते छेदतात तिथे झाड. झाड भिंतीच्या अगदी जवळ असेल तर कंस एकमेकांना घासून जातात आणि बिंदू नेमका मिळत नाही. अशा वेळी तिसऱ्या खुणेपासूनचं अंतर घ्यावं.

मोजताना चुका होतात त्या ठरावीक जागी. फीत मध्ये झोळ देते. शून्य कडीच्या टोकापासून आहे की फितीवर थोडं पुढे छापलेलं आहे, हे कोणी पाहत नाही. एक जण वाचतो, दुसरा ऐकतो आणि भलताच आकडा लिहितो. वाचणाऱ्याने आकडा म्हणायचा, लिहिणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा आणि मगच लिहायचा, एवढी शिस्त लावली तरी निम्मा गोंधळ टळतो. शेवटी आवाराचे दोन्ही कर्ण मोजून नकाशाशी ताडून पाहावेत. ते जुळले नाहीत तर कुठली तरी बाजू चुकलेली असते आणि ती शोधून काढण्यात मुलांना फार रस येतो.

या नकाशावर पारदर्शक ट्रेसिंग कागदाचे थर चढवायचे. एका थरावर एकच गोष्ट. सगळ्यात मोलाचा थर मधल्या सुट्टीचा. चार-पाच मुलं, प्रत्येकाकडे आवाराचा एकेक भाग. दर पाच मिनिटांनी आपल्या भागात कोण काय करतंय ते ठिपक्यांनी दाखवायचं. धावणं, चेंडू, बसून गप्पा, एकटं उभं राहणं, नुसतं बघत बसणं, यांना वेगवेगळ्या खुणा. मुलगा की मुलगी, लहान वर्गातलं की मोठ्या, हे रंगाने. नावं मात्र कधीही लिहायची नाहीत. नावं आली की नोंद चहाडी होते. हे निदान आठवडाभर करावं, कारण एका दिवसाचं चित्र फसवतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी किंवा पाऊस पडून गेल्यावर मैदान वेगळंच दिसतं.

पाच दिवसांचे थर एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले की आवार बोलू लागतं. पुष्कळ शाळांमध्ये मधली मोठी जागा चेंडू खेळणाऱ्या थोड्यांनी व्यापलेली असते आणि बाकीचे भिंतीच्या कडेने पातळ रांगेत सरकलेले दिसतात. एखादा ठिपका रोज त्याच जागी, एकटाच असतो. पाण्याच्या नळाशी ठिपक्यांचा दाट पुंजका असतो, कारण तिथे रांगेतच अर्धी सुट्टी जाते. हे कोणी कोणाला बोल लावून सांगितलेलं नसतं, म्हणून चेंडू खेळणारी मुलंही ते मान्य करतात. आजवर ‘ते आम्हाला खेळू देत नाहीत’ ही तक्रार होती. आता तिला क्षेत्रफळ मिळतं.

पुढचे थर ऊन आणि पाण्याचे. शाळा भरताना, मधल्या सुट्टीत आणि सुटताना इमारतीची व झाडांची सावली खडूने आखायची, कडेला वेळ लिहायची आणि मापाने नकाशावर उतरवायची. सूर्याची उंची ऋतूप्रमाणे बदलते, म्हणून वर्षातून निदान दोनदा हे करावं. भर उन्हात डांबर ६० अंश सेल्सियसच्या पुढे जाऊ शकतं. धातूची घसरगुंडी आणि गडद रबरी गाद्याही हाताला चटका देण्याइतक्या तापतात. लांबून तापमान मोजणारं साधं इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर डांबर, माती, गवत आणि झाडाखालची माती यांचे आकडे एकाच दुपारी घ्यावेत. झाड का लावायचं, यावर मग भाषण द्यावं लागत नाही.

पाऊस थांबल्यावर डबक्यांच्या कडा फक्कीने आखायच्या आणि पाणी जिरायला किती तास लागतात ते लिहायचं. जिथे झाडं लावायचा विचार आहे तिथे ३० सेंमी खोल, तेवढाच रुंद खड्डा खणून पाण्याने भरायचा. ते पहिलं पाणी फक्त माती भिजवण्यासाठी. जिरल्यावर पुन्हा भरून मग वेळ मोजायचा. पातळी तासाला २ ते ७ सेंमी उतरली तर बहुतेक झाडांना चालतं. तासाला १ सेंमीही उतरत नसेल तर मुळं पाण्यात कुजतील. पहिलं भरणं वगळून लगेच मोजायला बसलं तर कोरडी माती पाणी भराभर पिते आणि जमीन आहे त्यापेक्षा चांगली वाटते. छपराच्या पाण्याचा हिशोब तर सोपा आहे: १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. २०० चौरस मीटर छपरावर २० मिलिमीटर पडला की ४००० लिटर. थोडं वाया जाईल हे धरलं तरी हे पाणी आज कुठे जातं, हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात आणि नळीच्या तोंडापासून माग काढत जातात.

एवढं झाल्यावरच इच्छांकडे वळावं, आणि तेही नामांऐवजी क्रियापदांनी. ‘कुठलं खेळणं हवं?’ असं विचारलं की बाजारातली नावं येतात. ‘इथे काय करायला आवडेल?’ असं विचारलं की चढायचंय, लपायचंय, उकरायचंय, तोल सांभाळत चालायचंय, दोघींनीच बसून बोलायचंय, वरून सगळं बघायचंय, असं येतं. ‘घसरगुंडी’ला एकच उत्तर असतं. ‘वरून बघायचंय’ याला मातीचा ढिगारा, ओंडका, पायऱ्यांचा टप्पा, अशी अनेक उत्तरं निघतात आणि त्यातली काही जवळजवळ फुकट असतात. लहान मुलांबरोबर हे वर्गात बसून करू नये. त्यांच्याबरोबर आवारात फिरावं, हिरव्या आणि लाल कापडाच्या पट्ट्या द्याव्यात आणि आवडत्या, नावडत्या जागी बांधायला सांगावं. मग प्रत्येक लाल पट्टीशी थांबून विचारावं, ‘इथे काय होतं?’

चित्रांपेक्षा प्रतिकृती बरी, कारण चित्रात सुबक हात असलेलं मूल जिंकतं. खोके, काड्या, चिकणमाती, दोरा यांतून १:५० प्रमाणात प्रतिकृती करावी आणि तिच्यात पहिल्यांदा तारेचं मूल उभं करावं. १२० सेंमी उंचीचं मूल या प्रमाणात २.४ सेंमीचं होतं. हे तारेचं मूल नसेल तर पायऱ्या राजवाड्याच्या होतात आणि बाकांवर राक्षसच बसू शकतील. ते उभं राहिलं की मुलं स्वतःच सगळं खोडून पुन्हा करायला घेतात.

निवड करताना साधं बहुमत घेऊ नका. बहुमताने चेंडूचं मैदान दर वेळी जिंकेल आणि ठिपक्यांच्या थराने जे दाखवलं ते वाया जाईल. प्रत्येकाला पाच टिकल्या द्याव्यात. त्या एकाच पर्यायावर लावा किंवा पाचांवर वाटा. मोजणी इयत्तेनुसार आणि मुलगे-मुली अशी वेगळी करावी. चाकांच्या खुर्चीतून येणारं एकच मूल शाळेत असेल तर उताराचा प्रश्न मतांवर टाकायचाच नाही. ४० सेंमी उंचीच्या ओट्याला १:१२ चढाने ४.८ मीटर लांबीचा उतार लागतो. तो कुठून न्यायचा एवढंच त्या मुलाला विचारून ठरवायचं. विद्यार्थी प्रतिनिधींना विचारलं म्हणजे सगळ्यांना विचारलं, असंही समजू नये. निवडून येणारी मुलं बहुधा मैदानाच्या मध्यभागी खेळणारी असतात.

ज्या गोष्टी बदलता येणार नाहीत त्या पहिल्याच दिवशी सांगून टाकाव्यात: पैसे किती, जमिनीखालून पाइप आणि केबल कुठून जातात, अग्निशमन गाडीची वाट कुठली, आग लागल्यास सगळ्यांनी जमायची जागा कुठली. यांचाही एक थर करून नकाशावर ठेवावा. मर्यादा आधी कळल्या तर मुलं त्यांच्यासकट विचार करतात. नंतर कळल्या तर त्यांना ती फसवणूक वाटते, आणि ते वाटणं चूक नसतं. एखादी सूचना नाकारली तर कारण लिहून दोन आठवड्यांच्या आत फलकावर लावावं. सगळ्या प्रक्रियेत मोठ्यांकडून सर्वात जास्त हेळसांड याच बाबतीत होते आणि पुढच्या वेळी मुलं हात वर का करत नाहीत, याचं कारणही बहुतेक वेळा हेच असतं.

खणण्याआधी प्रत्येक गोष्ट खऱ्या मापात आखून आठवडाभर तशीच ठेवावी. दोरी, फक्की, रिकामे खोके पुरतात. समजा, ३० मुलांना बाहेर गोलात बसवायची जागा करायची आहे. प्रत्येकाला ४५ सेंमी धरले तर परीघ १३.५ मीटर आणि व्यास साधारण ४.३ मीटर होतो. खुंटीला २.१५ मीटर दोरी बांधून वर्तुळ काढा, मुलांना बसवा आणि एक तास खरोखर शिकवून पाहा. बसणाऱ्यांच्या डोळ्यांवर ऊन येतं का, शेजारच्या वर्गाचा आवाज मध्ये येतो का, रोजची पायवाट गोलातून जाते का, हे त्या तासात कळतं. पायवाटेवर बाक ठेवला तर मुलं बाकावरून उड्या मारत जातील, आणि रोप लावलं तर तुडवतील. पायवाट तीच ठेवून बाकीचं सरकवावं.

लपण्याच्या जागांवरून नेहमी ओढाताण होते. मुलांना आडोसा हवा असतो, शिक्षकांना नजर पोचायला हवी असते. दोन्ही जमतं, उंची नीट धरली तर. जमिनीवर बसलेल्या लहान मुलाचे डोळे ६० सेंमीच्या आसपास असतात, उभ्या प्रौढाचे १५० च्या. ९० सेंमीवर छाटलेली झुडपं आणि २ मीटरपर्यंत फांद्या काढलेलं झाड, एवढ्याने आत बसलेल्या मुलाला आपण जगापासून दूर आहोत असं वाटतं आणि पाळीवरच्या शिक्षकांना ते स्पष्ट दिसत राहतं. हा आडोसा द्यायलाच हवा. रोज एकट्याने उभ्या असलेल्या ठिपक्याला मोकळ्या मैदानात जागा नसते.

सुरक्षिततेचे काही आकडे मात्र वाटाघाटीचे नाहीत, आणि ते मुलांनाही माहीत असावेत. ९ ते २३ सेंमी रुंदीच्या फटीतून मुलाचं शरीर जातं आणि डोकं अडकतं. गजांत, फळ्यांत, कुठेही अशी फट ठेवायची नाही. दोन मीटरपर्यंतच्या चढण्याच्या वस्तूखाली वाळू किंवा लाकडाचा भुगा-सालपं ३० सेंमी जाड असावीत आणि भोवती निदान १.८ मीटर जागा मोकळी असावी. हा थर पायांनी सरकतो आणि नेमका जिथे पडण्याची शक्यता जास्त तिथेच पातळ होतो. आठवड्यातून एकदा पट्टी खुपसून मोजायचं काम मोठ्या मुलांचं. रेल्वेचे जुने स्लीपर फुकट मिळाले तरी घेऊ नयेत; लाकूड टिकावं म्हणून त्यांत मुरवलेलं क्रिओसोट हे रसायन त्वचेला आणि आरोग्याला घातक असतं. फाटक्या टायरमधून स्टीलची तार बाहेर आलेली असते. कण्हेरीचे सगळेच भाग विषारी असतात, तेव्हा कुंपणालाही ती नको.

सुट्या वस्तूंची गोष्ट वेगळी आहे. ब्रिटिश कलाकार सायमन निकल्सन यांनी १९७१ मध्ये मांडलं की, एखाद्या जागेत मुलांना हलवता, जोडता, मोडता येतील अशा जितक्या गोष्टी, तितका तिथल्या सर्जनशीलतेला वाव. त्याच्याही आधी, १९४३ साली, कोपनहेगनजवळच्या एमड्रुपमध्ये सोरेन्सन या उद्यानरचनाकाराच्या कल्पनेतून टाकाऊ सामानाचं क्रीडांगण उभं राहिलं होतं, आणि तिथे मुलंच बांधत आणि मोडत होती. शाळेत यासाठी दीड मीटरच्या फळ्या, क्रेट, ताडपत्री, दोऱ्या आणि त्या ठेवायला एक खोली पुरते. हा खेळ बंद पडण्याचं कारणही बहुधा ती खोलीच असते. किल्ली एकाच माणसाकडे असते आणि तो रजेवर जातो. आवरायला घंटेआधी सात-आठ मिनिटं राखून ठेवली नाहीत तर दुसरी तक्रार सुरू होते.

झाडांच्या बाबतीत रोप लावण्याचा दिवस गाजतो आणि झाड नंतर मरतं. वर्षानुवर्षं पायाखाली दबून मैदानाची माती दगडासारखी झालेली असते. खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दोन ते तीन पट रुंद घ्यावा, पण खोली गड्ड्याएवढीच ठेवावी. खोल खड्ड्यात माती खचते, रोप खाली जातं आणि खोडाचा मुळाशी रुंदावणारा भाग मातीत गाडला जाऊन कुजतो. पालापाचोळ्याचं आच्छादन ७-८ सेंमी जाड करावं, खोडापासून वीतभर लांब. टेकूची दोरी वर्षभराने सोडायची, नाहीतर ती सालीत रुतते. आणि रोप आणण्याआधी लांब सुट्टीतल्या पाण्याची पाळी नावानिशी ठरलेली असावी. ती ठरत नसेल तर तितकी कमी झाडं लावावीत. पाच जगलेली झाडं शाळेला सावली देतात.

वाफे करायचे तर रुंदी १.२ मीटरपेक्षा जास्त नको, लहानांसाठी ९० सेंमी. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. नाहीतर मुलं वाफ्यातच पाय टाकतात. ३ मीटर बाय १ मीटर, ३० सेंमी उंच वाफ्याला ०.९ घनमीटर माती लागते, म्हणजे जवळजवळ ११०० ते १२०० किलो. पाच किलोची बादली धरली तर सुमारे २३५ खेपा, ३० मुलांत प्रत्येकी आठ. हे आधी मांडलं नाही तर अर्ध्यात मुलं दमतात आणि उरलेलं काम मजूर करतात. अवजारं खेळण्यातली देऊ नयेत. ती वाकतात आणि हात दुखावतात. लहान दांड्याची पण खरी कुदळ, खरं फावडं द्यावं, खणणाऱ्या दोघांत दोन हातांचं अंतर ठेवावं आणि वीस मिनिटांनी पाळी बदलावी.

सगळ्यात अवघड अडचण वेळेची आहे. आवार बदलायला तीन-चार वर्षं लागतात आणि आखणारी मुलं तोवर शाळा सोडून जातात. म्हणून पहिली छोटी गोष्ट, मग ते चार ओंडके का असेनात, नकाशा पुरा झाल्यापासून महिन्याभरात जागेवर यावी. आणि शेवटच्या वर्गाबरोबर खालचा वर्गही सुरुवातीपासून कामात असावा. सगळे थर, मापं, नाकारलेल्या सूचना आणि त्यांची कारणं, झाडांची नोंद, हे एका वहीत राहावं आणि वही वरच्या वर्गाने खालच्या वर्गाला वाचून दाखवून द्यावी. आवाराचा कचरा काढणाऱ्या आणि झाडांना पाणी घालणाऱ्या माणसांनाही या बैठकांत बसवावं. पाणी कुठे तुंबतं हे त्यांना नकाशाशिवाय सांगता येतं, आणि त्यांना न विचारता केलेली कुठलीही गोष्ट फार दिवस नीट राहत नाही. पॅरिसमध्ये २०१७ नंतर शाळांची डांबरी पटांगणं उखडून त्यांत माती, झाडं आणि पाणी जिरवणाऱ्या जागा आणण्याचं ‘ओआसिस’ नावाचं काम सुरू झालं. आखणीत मुलांना बरोबर घेणं हा तिथल्या कार्यपद्धतीचाच भाग आहे, म्हणजे मोठ्या शहराच्या यंत्रणेतही हे बसवता येतं.

सहा महिन्यांनी मधल्या सुट्टीचा थर पुन्हा काढावा: तीच जागा, त्याच वेळा, त्याच खुणा. जुना थर त्यावर ठेवला की काय हललं आणि काय नाही ते दिसतं. नवा बाक रिकामाच राहिला असेल तर मुलांना तिथे बसवून कारण शोधायला लावावं. कधी ऊन डोळ्यांवर येतं, कधी बाक शिक्षक-कक्षाच्या खिडकीसमोर असतो आणि गप्पा आत ऐकू जातात. मग तो बाक उचलून दुसरीकडे नेता आला पाहिजे. म्हणून पहिल्या वर्षी बाक जड आणि न उलटणारे निवडावेत, पण त्यांचे पाय काँक्रीटमध्ये गाडू नयेत.